वाळवंटातला अनंत पिवळा का पडतो? फिनिक्स परिसरातील बागेसाठी क्रमवार तपासणी

अमेरिकेतील ॲरिझोना राज्याच्या वाळवंटात वसलेल्या फिनिक्सच्या आसपास अनंताचे झाड आजारी पडते तेव्हा त्याची तक्रार ठरावीक पाच-सहा रूपांतच दिसते. यांपैकी कोणते रूप दिसते यावर पुढचा सारा उपाय अवलंबून असल्याने, पाण्याच्या नळाला किंवा खताच्या पिशवीला हात लावण्यापूर्वी दहा मिनिटे झाडासमोर उभे राहून पाने नीट पाहावीत.

लक्षणे

सर्वांत नेहमीचे लक्षण म्हणजे शेंड्याकडची कोवळी पाने पिवळी पडणे आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या राहणे. पानावर हिरव्या दोऱ्याची जाळी विणल्यासारखी दिसते, आणि दुखणे वाढले की पान जवळजवळ पांढरे होऊन कडेने करपते. चुनखडीच्या रानातल्या उसावर पडलेला केवडा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे ओळखायला वेळ लागणार नाही, कारण रोग तोच आहे.

दुसरे लक्षण याच्या उलटे असते. शेंडा हिरवागार असतो आणि बुंध्याजवळची जुनी पाने एकसारखी पिवळी होऊन गळतात. तिसऱ्यात पाने हिरवीच राहतात, पण त्यांची टोके आणि कडा तपकिरी व कुरकुरीत होतात. चौथ्यात माती ओली असूनही झाड मान टाकते. पाचव्यात कळ्या भरतात, पिळदार होतात, आणि उमलायच्या आधीच तपकिरी होऊन एकेक गळून पडतात. सहावे लक्षण फक्त पश्चिमेकडच्या पानांवर दिसते: मधोमध फिकट, कागदासारखे वाळलेले चट्टे.

गेली काही वर्षे मी स्वतःच्या आणि ओळखीच्या मराठी घरांच्या अंगणांत हीच दुरुस्ती पुन्हा पुन्हा केली आहे. बहुतेक वेळा मी पोहोचतो तेव्हा खताची पिशवी आधीच फुटलेली असते, आणि माझा पहिला अर्धा तास त्या खताचा परिणाम धुऊन काढण्यात जातो. कोवळी पाने पिवळी पडतात ती लोह न मिळाल्याने, पण लोह या मातीत पुरेसे असते. मातीतल्या आणि पाण्यातल्या चुन्यामुळे ते विरघळत नाही, म्हणून मुळांना मिळत नाही. शिवाय निम्म्या झाडांची मुळे एकतर कोरडी पडलेली असतात किंवा पाण्यात गुदमरलेली असतात, आणि अशी मुळे समोर वाढलेले ताटही उचलू शकत नाहीत. म्हणूनच पुढील क्रमात खत जवळजवळ शेवटी येते.

पहिली तपासणी: महिना कोणता आहे (खर्च काहीच नाही)

डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात पाने पिवळी पडली असतील, तर काही करू नये. माती थंड असताना अनंताची मुळे मंदावतात आणि लोह उचलत नाहीत. मार्चमध्ये माती तापली की नवी पालवी अनेकदा आपोआप हिरवी येते. थंडीत घाबरून पाणी आणि खत वाढवले, तर मात्र मुळे कुजतात आणि मार्च उजाडेपर्यंत खरोखरच काळजीचे कारण निर्माण होते. वसंतात जुनी दहा-वीस पाने पिवळी होऊन गळणे हीदेखील पानांची नेहमीची अदलाबदल असते, कारण सदाहरित झाडाचे पानही कधीतरी म्हातारे होतेच.

कळीगळीचेही उत्तर बरेचदा दिनदर्शिकेतच असते. अनंताला कळ्या धरण्यासाठी रात्रीचा सुखद गारवा लागतो, साधारण १६ ते १८ अंश सेल्सिअस. फिनिक्समध्ये असा गारवा वसंतात मिळतो. जुलैत मात्र अनेक रात्री पारा ३० अंशांच्या खाली उतरत नाही. २०२३ साली तर सलग ३१ दिवस दुपारचे तापमान ११० अंश फॅरनहाइट, म्हणजे ४३.३ अंश सेल्सिअस किंवा त्याहून वर होते. एप्रिल-मेमध्ये फुलून गेलेल्या झाडाच्या जूनमधल्या उशिराच्या कळ्या गळल्या, तर ती हवामानाची कृती समजावी. एप्रिलमध्येच कळ्या गळत असतील, तर पुढे वाचावे.

दुसरी तपासणी: पाणी खरोखर मुळांपर्यंत पोहोचते का (खर्च काहीच नाही)

ही तपासणी सर्वांत महत्त्वाची आहे, आणि तीच सर्वांत कमी लोक करतात. लांब दांड्याचा स्क्रू-ड्रायव्हर किंवा अर्ध्या मीटरची लोखंडी सळई घेऊन, पाणी दिल्यानंतर दुसऱ्या दिवशी ती बुंध्यापासून वीतभर अंतरावर आणि पुन्हा दोन वितींवर मातीत दाबावी. ओल्या मातीत सळई सहज उतरते आणि कोरडी माती लागली की अडते. ३० ते ४० सेंटिमीटरपर्यंत ती उतरली पाहिजे. दोन-तीन बोटांवरच अडत असेल, तर आपण रोज शिंपडत आहोत, पाणी देत नाही. अशा पाण्याने मुळे वरच्या थरात येऊन बसतात आणि जूनच्या पहिल्याच उन्हात भाजतात.

यापेक्षा फसवा प्रकार मुळांच्या गोळ्याचा असतो. रोपवाटिकेतून आलेल्या अनंताची मुळे पीट (दलदलीत साचलेल्या वनस्पतींचा तंतुमय चुरा) आणि सालींच्या हलक्या मिश्रणात वाढलेली असतात. पीट एकदा पूर्ण वाळले की पाणी झिडकारते. त्यामुळे ठिबकचे पाणी गोळ्याला वळसा घालून बाजूच्या मातीत जाते, माती वरून ओली दिसते, आणि आत मुळांचा गोळा मात्र शेवयांच्या गठ्ठ्यासारखा खडखडीत राहतो. ओल्या मातीत मान टाकलेल्या झाडांपैकी कितीतरी झाडांचे खरे दुखणे एवढेच असते. बोटाने थेट बुंध्यालगतच्या गोळ्यात चाचपून पाहावे. तो कोरडा असेल, तर बुंध्याभोवती आळे करून नळाची अगदी बारीक धार एक-दोन तास सोडावी, आणि ठिबकची एक तोटी गोळ्यावरच येईल अशी हलवावी. कुंडी असल्यास ती पाण्याच्या टबात बुडबुडे थांबेपर्यंत ठेवावी.

याच वेळी तोट्याही तपासाव्यात, कारण इथल्या पाण्यातला चुना त्या बुजवून टाकतो. तोटीखाली भांडे ठेवून पंधरा मिनिटांत किती पाणी पडते ते मोजावे आणि त्याला चारने गुणावे; तासाला साडेसात लिटरची म्हणून घेतलेली तोटी दोनच लिटर देत असेल, तर ती बदलावी. तिची किंमत किरकोळ असते.

उलट, वीतभर खोलीवरची माती चिखलासारखी असेल आणि तिला आंबूस वास येत असेल, तर पाणी थांबवून वाफसा येईपर्यंत वाट पाहावी. खालची जुनी पाने एकसारखी पिवळी पडण्याचे नेहमीचे कारण हेच असते. नेमके किती दिवसांनी पाणी द्यावे, असे मला नेहमी विचारले जाते, पण त्याला एक आकडा नाही. सळई सांगेल तेव्हा द्यावे.

तिसरी तपासणी: नळ कोणता आहे

फिनिक्सचे पाणी कोलोरॅडो, सॉल्ट आणि वर्दे या नद्यांमधून येते आणि ते कठीण असते, म्हणून अनेक घरांत पाणी मऊ करणारे यंत्र बसवलेले असते. मीठ वापरणारे असे यंत्र पाण्यातले कॅल्शियम काढून त्याच्या जागी सोडियम सोडते. सोडियमयुक्त पाणी अनंताला कठीण पाण्यापेक्षाही वाईट, कारण त्याने कडा जळतातच, शिवाय मातीची रचना बिघडून निचराही मंदावतो. बागेचा नळ सहसा यंत्राच्या आधीच्या नळीवर असतो, पण सगळीकडे नसतो. यंत्रातून आणि त्याच्या बगलेच्या वाटेने जाणारे पाणी झडपांनी बंद करून बागेचा नळ उघडून पाहिल्यास हे दहा मिनिटांत कळते: पाणी येतच राहिले, तर नळ यंत्राच्या आधीचा आहे. त्याचप्रमाणे, स्वयंपाकघरातल्या आरओ यंत्राने टाकलेले पाणी वाया जाऊ नये म्हणून ते अनंताला घालण्याची आपली काटकसरी सवय इथे आवरावी. त्या पाण्यात क्षार आणखी दाट झालेले असतात. आरओचे शुद्ध पाणी मात्र कुंडीतल्या अनंताला उत्तम.

चौथी तपासणी: जागा आणि सावली

रोपावरील चिठ्ठीवर 'पूर्ण ऊन' असे छापलेले असते, पण ते ऊन समुद्रकाठच्या प्रदेशाचे आहे. इथे अनंताला सकाळचे दहा-साडेदहापर्यंतचे ऊन पुरते, त्यानंतर सावली हवी. पूर्वेकडची किंवा उत्तरेकडची बाजू योग्य. पश्चिमेकडच्या सिमेंटच्या भिंतीलगत लावलेले झाड दुपारी उन्हाने आणि रात्री भिंतीच्या धगीने, असे दोनदा भाजते.

झाडाखाली अंथरलेली खडी हे या शहराचे आवडते दृश्य, पण तीच खडी उष्णता पानांच्या खालच्या बाजूवर परतवते. बुंध्याभोवतीची मीटरभर खडी काढून तिथे सालींचे सात-आठ सेंटिमीटर जाडीचे आच्छादन घालावे आणि ते खोडाला टेकू देऊ नये. जागा बदलता येत नसेल, तर मेअखेर ते सप्टेंबरअखेर पन्नास टक्के सावलीची जाळी झाडापासून थोडी दूर, हवा खेळेल अशी बांधावी. कळीगळीवरही हाच उपाय सर्वांत उपयोगी पडतो, कारण जूनमधल्या दुपारच्या कोरड्या वाऱ्यात पान जेवढे पाणी उडवते तेवढे मुळे पुरवू शकत नाहीत, आणि अशा ताणात झाड प्रथम कळ्याच गाळते.

पानांची खालची बाजू पाहून घ्यावी: पिठ्या ढेकूण, खवले कीड, पांढरी माशी किंवा बारीक जाळी विणणारा कोळी दिसल्यास सकाळी पाण्याचा जोरदार फवारा द्यावा आणि आठवडाभर रोज तेच करावे. एवढ्याने बहुतेक वेळा भागते.

पाचवी तपासणी: क्षार साचले आहेत का (थोडे पाणी, थोडा वेळ)

टोके आणि कडा तपकिरी होत असतील, तर मातीवर किंवा कुंडीच्या काठावर पांढरी पुटे दिसतात का ते पाहावे. माझ्या नळाच्या पाण्यात मीटर लिटरमागे ६०० मिलिग्रॅमच्या आसपास विरघळलेले क्षार दाखवतो. आठवड्याला ४० लिटर पाणी दिले, तर वर्षाला सुमारे २००० लिटर होते, आणि त्यातून एका झाडाच्या आळ्यात सव्वा किलोच्या आसपास क्षार येऊन पडतात. फिनिक्सचा वर्षाचा सरासरी पाऊस सुमारे १८० मिलिमीटर. कोकणात पावसाळ्यातल्या एखाद्या जोरदार दिवशी एवढा पाऊस पडून जातो आणि माती धुऊन निघते. इथे ते धुणे आपल्यालाच करावे लागते.

कुंडी असेल तर तिच्या आकारमानाच्या दुप्पट पाणी हळूहळू ओतून ते खालून वाहून जाऊ द्यावे. जमिनीत असेल तर उन्हाळ्यात महिन्यातून एकदा नेहमीच्या दुप्पट वेळ पाणी सोडावे. मात्र हा उपाय निचरा चांगला असेल तरच करावा, अन्यथा क्षार जागचे हलत नाहीत आणि मुळे बुडतात. पावसाचे पाणी मिळाले तर सोन्याहून पिवळे: १०० चौरस मीटरच्या छपरावर वर्षभरात १८,००० लिटरच्या आसपास पाणी पडते, आणि त्यातली दोन पिंपे भरून ठेवली तरी कुंडीतल्या एका अनंताचे बरेच दिवस निघतात.

सहावी तपासणी: सामू आणि चुना (किरकोळ खर्च)

इतके सगळे ठीक असूनही कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या असतील, तरच लोहाकडे वळावे. आधी मूठभर कोरडी माती बशीत घेऊन तिच्यावर साधे व्हिनेगर ओतावे. ती फसफसली, तर तिच्यात मोकळा चुना आहे. इथल्या मातीचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप) सहसा ८ च्या जवळपास असतो, आणि अनंताला तो ५ ते ६.५ च्या दरम्यान हवा असतो.

चुना किती आहे यावर गंधक घालणे शहाणपणाचे आहे की नाही हे ठरते. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल आळ्यात ढोबळपणे ४०० किलो माती असते. त्यात पाच टक्के चुना धरला तर तो २० किलो होतो, आणि तो संपवायला सहा किलोहून अधिक गंधक लागेल. एवढे गंधक एकदम घातल्यास झाडच जाईल. थोडे थोडे घातल्यास पाण्यातून नवा चुना येतच राहील. म्हणून फसफसणाऱ्या मातीत गंधकावर पैसे घालवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. कॉफीचा चोथा आणि लिंबाच्या सालींबद्दलही तेच म्हणता येईल. कंपोस्टसाठी त्या चांगल्या आहेत.

आपल्याकडे केवड्यावर हिराकस (फेरस सल्फेट) देतात, म्हणून अनेक जण इथेही तो शोधून आणतात. चुनखडीच्या मातीत घातलेला हिराकस थोड्याच काळात न विरघळणाऱ्या गंजात बदलतो, आणि ४० अंशांच्या हवेत पानांवर फवारला तर पाने भाजतात. इथे चिलेटेड लोहच हवे, म्हणजे दुसऱ्या रसायनाने धरून ठेवल्यामुळे विरघळलेले राहणारे लोह, आणि त्यातही ते रसायन कोणते, हा प्रकार पाहून घ्यावा. ईडीटीए प्रकारातले लोह साडेसहा सामूच्या वर टिकत नाही, डीटीपीए साडेसातपर्यंत कसेबसे टिकते, आणि ईडीडीएचए प्रकारातले लोह नऊपर्यंत विरघळलेले राहते. दुकानात पुढे मांडलेले स्वस्त डबे बहुधा पहिल्या प्रकारचे असतात. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत हे नाव असते. ते वाचल्याशिवाय घेऊ नये. ईडीडीएचएची पूड गडद लाल असते आणि फरशीवर सांडली तर डाग सहजासहजी जात नाही.

मार्चमध्ये माती तापू लागली की, पाकिटावर दिलेल्या मात्रेत ही पूड पाण्यात मिसळून संध्याकाळी मुळांशी द्यावी आणि वरून आणखी पाणी सोडावे, कारण उन्हात राहिली तर ती निकामी होते. दोन ते चार आठवड्यांत येणारी नवी पालवी हिरवी आली, तर निदान बरोबर होते. जुन्या पिवळ्या पानांकडे पाहून निर्णय घेऊ नये. ती पूर्ण हिरवी होतीलच असे नाही. हा उपाय कायमचा नाही, तो दरवर्षी करावा लागतो. जून ते ऑगस्टमध्ये मात्र कोणतेही खत देऊ नये.

सातवी तपासणी: झाड जमिनीत ठेवावे का (मेहनत आणि खर्च)

दोन वसंत लोह देऊनही झाड पुन्हा पुन्हा पिवळे पडत असेल, तर झाडाजवळ, पण मुळे टाळून, ३० सेंटिमीटर खोल खड्डा घेऊन तो पाण्याने भरावा, ते जिरल्यावर पुन्हा भरावा, आणि वेळ मोजावा. चोवीस तासांनंतरही पाणी दिसत असेल, तर खाली बहुधा चुनखडीचा दगडासारखा थर आहे. इथे त्याला कलीची म्हणतात. आपल्याकडच्या पहारीला तो जुमानत नाही. कोणत्याही खणण्यापूर्वी ८११ या क्रमांकावर दोन पूर्ण कामकाजी दिवस आधी कळवावे; जमिनीखालील गॅस आणि विजेच्या वाहिन्या विनामूल्य आखून दिल्या जातात.

थर सापडल्यास मी झाड कुंडीत हलवण्याचाच सल्ला देतो. ५० ते ६० सेंटिमीटर व्यासाची, फिक्या रंगाची, तळाला भोके असलेली कुंडी घ्यावी. काळी प्लॅस्टिकची कुंडी उन्हात मुळे शिजवते. पीट, पाइनच्या साली आणि परलाइट (पांढरे, हलके खनिज दाणे) यांचे मिश्रण भरावे आणि त्यात अंगणातली माती मूठभरही मिसळू नये. हलवण्याचे काम ऑक्टोबरमध्ये किंवा मार्चच्या सुरुवातीला करावे. माझ्याकडचा सर्वांत जुना अनंत असाच कुंडीत गेलेला आहे, आणि जमिनीत तो कधीच एवढा फुलला नव्हता.

कुठे थांबावे आणि कोणाला बोलवावे

झाड जमिनीतच ठेवायचा आग्रह असेल आणि कलीचीचा थर हातभर जाड निघाला, तर तो फोडण्याचे काम यंत्रे असलेल्या व्यावसायिकाकडे द्यावे. घराच्या पायाजवळ किंवा पोहण्याच्या तलावाजवळ तर स्वतः प्रयत्नच करू नये.

घरगुती तपासण्या सोडून देण्याची आणखी दोन कारणे आहेत. मुळांवर गाठी दिसल्या तर सूत्रकृमींची (मुळांत शिरणाऱ्या सूक्ष्म कृमींची) शंका असते, आणि ती प्रयोगशाळेतच मिटते. दुसरे कारण अधिक गंभीर आहे: कडक उन्हाळ्यात एखादे चांगले हिरवे झाड काही दिवसांत अचानक वाळले, पाने तपकिरी होऊनही फांदीलाच चिकटून राहिली, आणि पाणी देऊन काहीच फरक पडला नाही, तर टेक्सास मूळकूज या बुरशीचा संशय घ्यावा. ही बुरशी अशाच चुनखडीच्या, तापलेल्या मातीत राहते आणि शेजारच्या झाडांकडेही सरकते. अशा वेळी झाड उपटून मुळे कचऱ्यात टाकू नयेत, आणि बुरशीनाशकांचे डबेही आणू नयेत. ॲरिझोना विद्यापीठाच्या मॅरिकोपा काउंटीतील (फिनिक्स याच जिल्ह्यात येते) कृषी विस्तार केंद्राशी किंवा प्रमाणित वृक्षतज्ज्ञाशी संपर्क साधावा, पाने व मुळे कशी दिसतात याची छायाचित्रे दाखवावीत, आणि नमुना कसा घ्यायचा ते त्यांनाच विचारावे. मूळकूज निश्चित झाली, तर त्या जागी पुन्हा अनंत किंवा मोगरा लावू नये. पाम आणि गवतवर्गीय झाडांना ही बुरशी लागत नाही, म्हणून तिथे ती लावावीत आणि नव्या अनंतासाठी कुंडी घ्यावी.